आधी ओळखीचा धागा

भंडारा, मोहाडी, सिहोरा ते थेट लाखांदूरपर्यंतच्या समस्त नागरिकांस, रुग्णांस, त्यांच्या नातेवाइकांस आणि विशेषकरून श्री. वामनसर निमजे यांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, या फ्रिजमध्ये कोणीही, कोणत्याही कारणाने, कोणतेही नाते सांगून, दह्याचे भांडे ठेवू नये.

ही पाटी आजही माझ्या भंडाऱ्यातल्या औषधांच्या दुकानात फ्रिजवर आहे. मजकूर डॉक्टर विमल निमजे यांचा, अक्षर माझं. फ्रिजही त्यांचाच. माझ्या दुकानाच्या डोक्यावर त्यांची प्रयोगशाळा होती; ती त्यांनी आवरली तेव्हा फ्रिज जिना उतरून माझ्याकडे आला आणि पाटीसकट आला. गिऱ्हाईक ती वाचून हसतं. मी हसत नाही. त्या पाटीखाली कोणाच्या जिवाचे काय काय व्यवहार चालत, हे मला ठाऊक आहे.

त्या फ्रिजमध्ये करंगळीएवढ्या बाटल्या असत. आमच्या गावाला सवय होती ती रक्त-लघवीच्या लॅबची. विमलताईंची लॅब वेगळी होती. शरीरातून काढलेली गाठ मेणाच्या ठोकळ्यात बसून तिथे यायची. तिचा कांद्याच्या सालीहून पातळ काप निघायचा, तो काचेवर चढायचा, आणि मग करंगळीएवढ्या बाटलीतले थेंब त्यावर पडायचे. त्या थेंबांचं नाव मोनोक्लोनल अँटिबॉडी. हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, एखाद्या नाटकातल्या राक्षसाचं असावं. मी दुकान सांभाळून हिवाळ्यात इकडे गावोगाव रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करतो, त्यामुळे मला सगळीकडे राक्षसच दिसतात.

ताईंनी मला ते समजावलं, तेही जिन्यात उभं राहून, एका हातात मेथीची जुडी धरून.

"मोहाडीले लग्न हाय समजा. मांडवात गर्दी. तुमच्या हातात नारळ दिला आन सांगतलं, हा फक्त जावयाले द्याचा. जावई कोण, ते तुम्हाले पक्कं माहीत हाय. साळा नाही, व्याही नाही, जावयावाणी दिसणारा त्याचा भाऊ बी नाही. फक्त जावई. तुम्ही गर्दीत घुसता आन त्याच्याच हातात नारळ देता. समजलं?"

"समजलं."

"तुमच्या मागून एक गुलालवाला येते. त्याले जावई ओळखता येत नाही. त्याले नारळ ओळखता येते. नारळ दिसला का फासला गुलाल. आता मी माडीवरून पाहतो. मले गर्दीतला एकही चेहरा दिसत नाही, पण गुलाल दिसते. म्हणजे जावई आला हाय. आमचा गुलाल तपकिरी असते, एवढाच फरक."

"आणि जावई म्हणजे कॅन्सर?"

"कॅन्सरच्या पेशीतलं एक प्रथिन. ते हाय का नाही, त्याच्यावर औषध ठरते." मग जुडी माझ्या नाकासमोर हलवून त्या म्हणाल्या, "आन पहिल्या पिढीपासून एकाच पेशीचा वंश वाढवून ही नारळवाली फौज तयार केली असते. सगळे एकसारखे, सगळ्यांच्या डोक्यात एकच जावई. म्हणून मोनो. नाहीतर तुमच्या घरच्या मावश्या. जो दिसला त्याच्या हातात नारळ!"

मोहाडीच्या विणकराची ही लेक. वडील कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणत आणि धागाही स्वतःच रंगवत. अंगणात रंगाची हंडी चढायची तेव्हा त्यांचा एक रिवाज होता. नव्या धाग्याची लडी एकदम रंगात टाकायची नाही. आधी एक जुना, ओळखीचा धागा बुडवायचा, ज्यावर रंग चढतो हे माहीत आहे असा. त्यावर रंग चढला तर हंडी ठीक. नाही चढला तर नव्या धाग्याला बोल लावायचा नाही. हंडी ओतून द्यायची. विमलताई नागपूरला जाऊन डॉक्टर झाल्या, परत आल्या, पण त्या हंडीपासून काही हलल्या नाहीत. प्रत्येक काचेच्या एका टोकाला त्या ओळखीचा तुकडा चिकटवत, ज्यात ते प्रथिन आहे हे आधीच माहीत असे. दुसऱ्या टोकाला पेशंटचा तुकडा. दोन्हींवर तेच थेंब. याला त्यांच्या शास्त्रात कंट्रोल म्हणतात. त्या म्हणत, "बाबाचा धागा."

इथवर ठीक होतं. जगभरच्या लॅबमध्ये हे करतात. पण विमलताई ते लॅबबाहेरही करत.

मोहाडीच्या बाजारात त्यांच्या पिशवीत मिठाचं एक किलोचं बंद पाकीट असायचं. भाजीवाल्याकडे गेल्या की वांगी नंतर, आधी पाकीट काट्यावर. काट्यानं बरोबर किलो दाखवला तर खरेदी, नाहीतर पुढचं दुकान. एकदा एक भाजीवाली चिडून म्हणाली, "डॉक्टरीणबाई, काहून एवढा संशय घेऊन राहिल्या माह्यावर?" ताई शांतपणे म्हणाल्या, "तुह्यावर नाही वं. तुह्या काट्यावर. तुले काट्यानं फसवलं तं तुले तरी कसं समजन?" काटा तोळाभर जास्तच देत होता, म्हणजे भाजीवालीचंच नुकसान. त्या दिवसापासून ती भाजीवाली बाकीच्यांना सांगत सुटली, "मीठवाल्या बाई आल्या, काटे पुसा रे!"

माझ्यावरही हा प्रयोग झाला आहे, आणि तो मी अजून पचवतो आहे. एका हंगामात माझ्या वाट्याला मरणाचा मोठा प्रवेश होता. तिसऱ्या अंकात छातीला गोळी लागते, मी तीन खांबांना धरत धरत, आईला, मातीला आणि सावकाराला उद्देशून बोलत बोलत मरतो. पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. दुसऱ्या दिवशी ताई दुकानात आल्या. मी वाट पाहत होतो.

"मरण खोटं वाटलं," त्या म्हणाल्या.

"ताई, मरण अवघड असतं हो रंगमंचावर."

"मलेही तसंच वाटलं. म्हणून मी पहिला अंक आठवून पाहिला. त्यात तुम्ही चहा पेता. चहा तं तुम्हाले येते, रोज पेता. तोही खोटाच वाटला. म्हणजे दोष मरणाचा नाही, तुमचा हाय." आणि खोकल्याचं औषध घेऊन जिना चढून गेल्या.

त्या जिन्यावरून दिवसभर कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत. काचेवरच्या कापातलं ते प्रथिन झाकलेलं असतं, ते उघडं करायला काचा उकळाव्या लागतात आणि त्यासाठी साधा प्रेशर कुकर चालतो. नव्या पेशंटना वाटे, वर डॉक्टरीणबाईंचा स्वयंपाक चालू आहे. लाखांदूरहून आलेला एक म्हातारा तासभर बसला आणि मला हळूच म्हणाला, "वरण झालं असन आता. बोलावते का?"

या सगळ्या दरबाराचे सरदार म्हणजे वामनसर, ताईंचे यजमान. शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेले. माणूस इतका मदतीला तयार, की त्यांच्या मदतीतून सावरायला दुसऱ्याची मदत घ्यावी लागे. पाटीवर त्यांचं नाव उगाच नव्हतं. दही त्यांचंच. पण बायकोच्या विद्येचा अभिमान एवढा, की नागपूरहून अँटिबॉडीची बाटली आणायची असली की थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन ते एसटीत असे बसत, जणू नवरीचा मुकुट नेत आहेत.

आता शांताकाकूंचं सांगतो. ताईंच्या माहेरच्या शेजारीण, वयानं मोठ्या, अजून मागावर बसणाऱ्या. नाव शांता ठेवणाऱ्याला काही अंदाज नसावा. काकू बोलायला लागल्या की माझ्या दुकानातला पंखासुद्धा दबून फिरे. त्यांच्या स्तनात लहानशी गाठ निघाली. नागपूरच्या सर्जननं ती काढली आणि ठोकळा तिथल्याच मोठ्या लॅबला देऊ लागले, तर काकूंनी दवाखान्यात हाकाटी केली, "माही गाठ हाय! विमल पाहीन!" ठोकळा भंडाऱ्याला आला.

प्रश्न एवढाच होता: त्या गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेनला धरून ठेवणारं प्रथिन आहे की नाही. असलं तर सर्जनच्या मते रोज घरी एक गोळी घेऊन भागण्याची आशा होती, कारण गाठ लवकर सापडली होती. नसलं तर गोळीचा उपयोग नाही. मग सलाईनमधून देतात ते कडक औषध, म्हणजे केमो, घ्यावं लागणार. काकूंना केस जाण्याची भीती नव्हती. "केसं का, येतीन," त्या माझ्या बाकावर बसून म्हणाल्या. "पण आमच्या गल्लीतल्या एकीले ते सलाईन लागलं, तं तिच्या बोटायले मुंग्या आल्या. अजून सुई धरता येत नाही तिले. मी धागा कसा जोडन, बापा? तुटलेला धागा डोळ्यानं नाही दिसत, बोटालेच समजते." आणि त्यांनी आपली दोन बोटं एकमेकांवर हलकेच चोळून दाखवली. मग त्यांनी पाणी मागितलं ते इतक्या हळू, की मला दोनदा विचारावं लागलं. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून असं पहिल्यांदाच झालं.

त्याच आठवड्यात जुनी बाटली संपली होती आणि सरांनी नागपूरहून नवी आणली होती. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, थेंब पडले, काच मायक्रोस्कोपखाली गेली. मी वर चहा द्यायला गेलो होतो. ताईंनी डोळा लावला, काच थोडी सरकवली, परत मागे आणली. काकूंच्या तुकड्यात तपकिरी रंगाचा मागमूस नव्हता. सगळं निळंच निळं.

तेवढ्यात सर्जनचा फोन आला. ताईंनी तो स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला, म्हणून दोन्ही बाजू मला ऐकू आल्या.

"मॅडम, रंग आला नाही ना? मग तसं लिहून पाठवा. मी पुढचे उपचार सुरू करतो. पेशंटला ताटकळत किती ठेवायचं?"

"रंग आला नाही, हे खरं आहे," ताई म्हणाल्या. सर्जनशी त्या पुस्तकातली मराठी बोलत. "पण तिच्या पेशीत काही नव्हतं म्हणून आला नाही, की माझ्या हंडीतच खोट आहे म्हणून आला नाही, हे मला ठरवायचं आहे. काचेच्या दुसऱ्या टोकाला माझा ओळखीचा तुकडा आहे. तोही कोरा आहे."

"अहो, एखाद्या वेळी होतं."

"माझ्याकडे होत नाही. मी सही करणार नाही."

फोन ठेवल्यावर त्यांनी शेजारच्या ट्रेमधल्या काचा पुढे ओढल्या. त्याच दिवशी, त्याच कुकरमध्ये दुसऱ्या पेशंटच्या काचा दुसऱ्या अँटिबॉडीनं रंगवल्या होत्या. त्यांवरचे ओळखीचे तुकडे झकास तपकिरी आले होते. म्हणजे कुकर ठीक, रंग ठीक, पाणी ठीक, हातही ठीक. "नारळवालाच झोपला हाय," त्या म्हणाल्या आणि नवी बाटली उचलून खाली आल्या, मागोमाग मी. खाली वामनसर माझ्याकडे चहा घेत काकूंना धीर देत होते.

"अजी, ही बाटली आणली तेव्हा रस्त्यात काही झालं होतं का?"

"काही म्हणजे काहीच नाही!" सर खुलले. "उलट ऐक. मौद्याजवळ एसटी बंद पडली. ऊन असं, का डांबर पातळ. डब्यातला बर्फ पाणी पाणी झाला. दुसरा कोणी असता तं रडत बसला असता. मी उतरलो. समोर कुल्फीवाला. त्याले म्हटलं, माह्या बायकोच्या औषधासाठी बर्फ दे. चांगला माणूस, पैसे बी नाही घेतले. डबा काठोकाठ भरला. आन काय बर्फ होता, विमल! बाटली घरी काढली तं आतलं औषध दगडावाणी कडक! मी म्हटलं, आता आणखी काय पाहिजे?"

ताईंनी हातातली बाटली काउंटरवर ठेवली. मग खांद्याच्या पिशवीत हात घातला, मिठाचं ते पाकीट काढलं आणि बाटलीच्या शेजारी ठेवलं.

सरांनी पाकिटाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. चेहऱ्यावर हळूहळू एक भयंकर उजेड पडत गेला. "कुल्फीवाला बर्फात मीठ टाकते," ते पुटपुटले. "मिठानं बर्फ आणखी थंड होते... हे तं मी सातवीले शिकवतो! प्रयोग करून दाखवतो!"

"आन अँटिबॉडी गोठवाची नसते," ताई म्हणाल्या. "थंड ठेवाची असते. गोठली का तिची घडी मोडते, मग तिले जावई ओळखता येत नाही."

सर कपाळाला हात लावून बाकावर बसले, काकूंच्या अगदी बाजूला. मला वाटलं, आता काकूंचा स्फोट होणार. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जावई, मले एवढं सांगा, कुल्फी तरी खाल्ली का?"

"खाल्ली," सर अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"मंग ठीक हाय. कोणाचं तरी भलं झालं."

नवी बाटली मागवावी लागली. ती आणायला कोणी जायचं, यावर घरात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण शेवटी सरच गेले. "चूक ज्याच्या हातून झाली, तो दुसऱ्यांदा ती करत नाही," ताई मला म्हणाल्या, आणि थोडं थांबून म्हणाल्या, "तरी म्या बाबाचा धागा सोबत देला हाय." त्यांनी सरांच्या डब्यात एक छोटी पाण्याची बाटली ठेवली होती. हुकूम असा: घरी पोचल्यावर आधी पाणी पाहायचं. गोठलेलं असेल तर अँटिबॉडी घेऊन वर यायचंच नाही.

दुपारी सर एसटीतून उतरले ते डबा छातीशी धरून, कोणाशी न बोलता, थेट माझ्या दुकानासमोर. रस्त्यातच डबा उघडला, पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवलं आणि भर चौकात, रिक्षावाल्यांच्या देखत, शेवटच्या थेंबापर्यंत घटाघटा पिऊन टाकली. मग रिकामी बाटली उलटी करून वर खिडकीकडे दाखवली.

"पाणी हाय!" ते ओरडले. "विमल, पाणी हाय!"

खिडकीतून ताईंनी फक्त मान हलवली. पण मी खालून पाहत होतो. त्या हसत होत्या आणि ते लपवायला चष्मा पुसत होत्या.

कुकर लागला. शांताकाकू सकाळपासूनच येऊन बसल्या होत्या. शिट्ट्या झाल्या. वाट पाहणं झालं. काकूंचा माझ्या दुकानातल्या सगळ्या साबणांचा वास घेऊन झाला. मग वरून हाक आली, "शांताकाकू, वर या. तुम्ही बी या, नट!"

मायक्रोस्कोपखाली काच होती. ताईंनी आधी मला ओळखीचा तुकडा दाखवला: निळ्यात तपकिरी ठिपके, जसे मोहाच्या झाडाखाली वाळकी फुलं पडलेली असावीत तसे. मग काच सरकवून दुसरं टोक आणलं आणि काकूंना स्टुलावर बसवलं. काकूंनी एक डोळा मिटला, दुसरा लावला. दोन्ही मिटले. परत एक उघडला.

"काय दिसते?"

"भुरे भुरे ठिपके. लय हायेत वं."

"तेच पाहिजे होते. गोळीचं काम होईन. मी आत्ताच डॉक्टरले फोन करतो."

काकू डोळा बाजूला घ्यायला तयार नव्हत्या. एका हाताची बोटं मायक्रोस्कोपच्या नळीवर होती, दुसऱ्या हाताची स्वतःच्याच पदरावर फिरत होती. विणकर बाईनं कापड पाहावं तसं त्या आपल्या गाठीकडे पाहत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "विमल, रंग पक्का हाय नं? धुतल्यावर जाणार तं नाही?"

"पक्का हाय, काकू. म्या धुऊन पाहिला."

सर्जननं गोळी सुरू केली. सलाईन लागलं नाही. त्यांनी ताईंना पुन्हा फोन केला होता. काय बोलले ते माहीत नाही, कारण या वेळी ताईंनी फोन कानाला लावला होता. पुढे नागपूरहून ठोकळे येऊ लागले, एवढं मी पाहिलं.

गुडघ्यांनी जिना नको म्हटलं तेव्हा ताई लॅब आवरून मुलीकडे पुण्याला निघाल्या. बसस्टँडवर त्यांना निरोप द्यायला अर्धी मोहाडी आली होती. बाजारातली भाजीवाली वांगी घेऊन आली होती, पाकिटानं तोलून घ्या म्हणत होती. ताई एसटीत खिडकीशी बसल्या होत्या; सर खाली उतरून कुल्फीच्या गाडीजवळ उभे होते आणि कुल्फीवाल्याला मिठाबद्दल काहीतरी शिकवत होते.

शांताकाकू आल्या त्या गर्दी कापत. गोळी घेता घेता त्यांची कितीतरी वर्षं गेली होती आणि आवाजात काडीचाही फरक नव्हता. काखेत कापडात गुंडाळलेली कोशाची साडी. स्वतः रंगवलेली, स्वतः विणलेली, आणि रंग तोच: निळ्या जमिनीवर तपकिरी ठिपके. त्यांनी ती खिडकीतून ताईंच्या मांडीवर ठेवली. आता ताई रडणार, असं मला वाटलं. अशा प्रवेशाची मला चांगली जाण आहे.

ताईंनी साडी उलगडली. ठिपक्यांवरून हात फिरवला. मग पाण्याची बाटली काढली, रुमालाचं टोक भिजवलं, पदराचा कोपरा मुठीत धरला आणि त्यावर ओला रुमाल जोरजोरात घासायला लागल्या.

सगळा बसस्टँड हादरला. भाजीवालीनं तोंडावर हात ठेवला. भेट म्हणून आलेली साडी, आणि तिची अशी तपासणी! ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, सर धावत येऊन चढले, तरी ताई घासतच होत्या. शांताकाकू दोन्ही हात कमरेवर ठेवून खिडकीखाली उभ्या राहिल्या, गाडी हलली तशा सोबत चालायला लागल्या आणि इंजिनाच्या वर आवाज चढवून ओरडल्या,

"घास, आणखी घास! रंग गेला तं सांगजो वं विमल, मी काही गेली नाही अजून, दुसरी विणून देईन!"